कंपनीची आखाजी

कोकिळाबाई देवरे गेल्याच्या तेराव्या दिवशी, गंधमुक्तीची पंगत उठल्यावर, निंबाळे गावच्या घरात ओसरीवर बायका टेकल्या होत्या. गेलेल्या माणसाच्या गोष्टी अशा वेळी निघतात, तशा निघाल्या. कोणाला त्यांनी कुरडयांचा चीक शिकवला होता, कोणाच्या बाळंतपणात त्या सव्वा महिना राबल्या होत्या. त्यांची थोरली लेक योगिनी भिंतीला पाठ लावून ऐकत होती. मग तीही बोलली.

"आखाजीला किती मजेत होती माय! आंगणातल्या निंबाच्या झोक्यावर बसली माझ्याशेजारी. मी म्हटलं, पडशील, तर हसली. माझ्या ताटात स्वतःच्या हातानं रस वाढला तिनं."

एका म्हातारीनं पदर तोंडाशी नेला. दुसरीनं उगाच तांब्या उचलून आत नेला.

दाराशी उभा असलेला धाकटा भाऊ हर्षल पुढं आला आणि अगदी हळू म्हणाला, "ताई, तू आखाजीला आली नव्हतीस."

"असं काय करतोस? मी..."

"तू ड्यूटीवर होतीस. सहा वर्षं झाली, तू एकाही सणाला आलेली नाहीस."

योगिनीला माहीत होतं. हर्षल खरं बोलतोय हे तिला अगदी नीट माहीत होतं. तरीसुद्धा झोक्याची दोरी तिच्या तळहाताला खरखरीत लागत होती आणि रसाचा गोडवा जिभेवर होता. ती उठली, मोरीत गेली आणि तिथं तिला उलटी झाली.

योगिनी पुण्यात वीजभार नियंत्रण केंद्रात होती. राज्यात कुठे किती वीज लागतेय, कुठून किती येतेय, याचा तोल क्षणाक्षणाला सांभाळायचं काम. तोल गेला की शहरंच्या शहरं काळोखात. पूर्वी हे केंद्र सरकारी होतं. गेली सात वर्षं ते एका खासगी कंपनीकडे होतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते वैशाखात, ऐन होरपळीत, घराघरांत थंडाव्याची यंत्रं धापा टाकत असताना. दिवाळीत रोषणाई. म्हणजे लोकांचा सण तो यांचा कामाचा दिवस. ते कोणाला नवीन नव्हतं. जुनी माणसं आपापसात वाटून घ्यायची. दिवाळीला सलीम तांबोळी आणि दोघंतिघं ख्रिस्ती सहकारी उभे राहायचे, ईदेला आणि नाताळला बाकीचे. कुरबुर व्हायची, पण भागायचं.

मग कंपनीनं 'सहवास' योजना आणली.

योजनेमागचं विज्ञान खोटं नव्हतं. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. माणूस एखादी गोष्ट आठवतो तेव्हा मेंदू ती दर वेळी नव्यानं जुळवतो, आणि जुळवून झाली की पुन्हा ठेवून देतो. ही ठेवाठेव मुख्यतः गाढ झोपेत चालते. दिवसभरात जे घडलं ते मेंदू झोपेत भराभर उजळतो. यातलं ठेवायचं काय, टाकायचं काय हे ठरवतो. त्या नेमक्या वेळी बाहेरून एखादा वास, एखादा आवाज दिला, आणि कानशिलामागून ध्वनिलहरींचे अगदी हलके ठोके दिले, तर मेंदू तो वास, तो आवाज 'माझ्याबाबतीत घडलेलं' म्हणून ठेवून देतो. सुरुवातीला हे तंत्र अपघातानंतर भ्रमिष्ट झालेल्या माणसांसाठी होतं. कंपनीच्या हाती ते आलं तेव्हा त्याला सण सापडला.

घरी एक यंत्र बसवायचं. पितळी गडूएवढं, नाव 'साक्षी'. सणाच्या दिवशी ते घरातलं सगळं टिपून घेई. ड्यूटी संपली की कर्मचाऱ्यानं केंद्राच्याच तळमजल्यावर विसावा कक्षात जायचं, टोपी घालून अडीच तास झोपायचं. उठेपर्यंत सण झालेला असे.

पहिले काही दिवस माणसाला पक्कं ठाऊक असतं, की हे आपण जगलेलो नाही. पण गोष्ट कुठून कळली हे मेंदू आधी विसरतो आणि गोष्ट मागाहून. महिन्याभरात 'टोपीतून' हा भाग पुसट होई आणि सण तेवढा उरे.

आता कोणाचंच काही बुडत नाही म्हटल्यावर कंपनीनं सणाच्या रजा बंद केल्या. सगळ्यांच्याच. दिवाळीला सलीमबरोबर आता योगिनीही उभी असे आणि ईदेला योगिनीबरोबर सलीमही.

गंधमुक्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षलनं तिला चहा दिला. तो गावातच शेती आणि दुधाचं संकलन बघायचा. बोलायला जरा तुटक, पण मनात काही ठेवणारा नव्हता.

"एक विचारू? मी आखाजीनंतर आठवड्यानं फोन केला होता. माय थकल्यासारखी वाटते, जमलं तर येऊन जा, म्हटलं होतं. तू काय म्हणालीस, आठवतं?"

योगिनीला आठवत होतं. ही आठवण तिची स्वतःची होती.

"मी म्हटलं, आत्ताच तर बघितली मी तिला. झोक्यावर बसली होती."

"माय झोक्यावर बसली नाही, ताई. ती त्या दिवशी खाटेवरून उठलीच नाही. ऊन बाधलं म्हणत होती. आप्पांची घागरसुद्धा माझ्याच बायकोनं भरली." आप्पा म्हणजे त्यांचे वारलेले वडील. गेलेल्या माणसाच्या नावानं आखाजीला पाण्याची घागर पुजतात, ती कोकिळाबाईंनी त्या वर्षी प्रथमच दुसऱ्याच्या हाती सोपवली होती. "मला वाटलं, तू यंत्रातून सगळं बघितलंस आणि तरीही असं म्हणतेस. मला तुझा फार राग आला होता."

"पण ती माझ्याशी बोलली, हर्षल. म्हणाली, तू अजिबात काळजी करू नकोस, तुझं काम महत्त्वाचं आहे, आम्ही इथे आनंदात आहोत."

"कोण म्हणालं असं?"

"माय."

"असं? या शब्दांत?"

दोघं भावंडं शिकली तशी एकमेकांशी मराठीत बोलायला लागली होती. पण कोकिळाबाई जन्मभर अहिराणीशिवाय दुसरं काही बोलल्या नव्हत्या. बँकेतल्या साहेबाशी अहिराणी, डॉक्टरशी अहिराणी, देवाशीही अहिराणीच. 'आम्ही इथे आनंदात आहोत' असलं वाक्य त्यांच्या तोंडून सात जन्मांत निघालं नसतं. आवाज मात्र त्यांचाच होता. तो थोडा घोगरा, वाक्याच्या शेवटी खाली येणारा आवाज. कोणीतरी तिच्या आईच्या तोंडात परकी जीभ बसवली होती.

पुण्यात परतल्यावर पहिल्याच पाळीला तिनं सलीमला गाठलं. भर दुपारी, समोरच्या भिंतीवर राज्याचा नकाशा लाल-पिवळा लुकलुकत असताना, दोघं शेजारच्या खुर्च्यांवर होते. सलीम बावन्न वर्षांचा, केंद्रातला सगळ्यांत अनुभवी माणूस. त्याचे अब्बा मिरजेला असत. सतारी बनवणाऱ्या कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

"सलीमभाई, मागच्या ईदेला अब्बा तुम्हाला काय म्हणाले?"

सलीमचा चेहरा खुलला. "गळाभेट झाली, मग म्हणाले, तू अजिबात काळजी करू नकोस. तुझं काम महत्त्वाचं आहे. आम्ही इथे..."

"आनंदात आहोत."

सलीमनं मान वळवली. नकाशावर नाशिककडचा एक ठिपका तांबडा झाला. त्यानं न बघताच दोन बटणं दाबली, ठिपका पुन्हा पिवळा झाला.

"तुला कसं माहीत?"

"माझी मायही हेच म्हणाली. शब्दाला शब्द."

तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "योगिनी, अब्बा मला आयुष्यात कधी चांगलं बोलले नाहीत गं. सतार सोडून विजेच्या खांबावर चढलास म्हणायचे. त्या ईदेला पहिल्यांदा बोलले. माझ्याकडे तेवढंच आहे. ते तू काढून घेऊ नकोस."

तिला त्याची दया आली, आणि त्या दयेखाली किळस होती. त्याची नव्हे. असल्या गोष्टीची गरज पडेल हे ओळखून ज्यांनी ती आधीच बनवून ठेवली, त्यांची.

विसावा कक्षाच्या प्रमुख डॉ. मृण्मयी सबनीस तिला लगेच भेटल्या. मऊ आवाजाच्या, नीटनेटक्या बाई. त्यांनी आधी सांत्वन केलं, मग पाणी दिलं.

"तुम्ही माझ्या आईच्या तोंडी वाक्य घातलंत," योगिनी म्हणाली.

"आम्ही त्याला समाधान-वाक्य म्हणतो. सुरुवातीच्या वर्षी आम्ही दिवस जसाच्या तसा देत होतो. लोक उठायचे ते रडत उठायचे. घरी भांडणं असतात, आजारपणं असतात. मुलं म्हणतात, बाबा का नाहीत? ते सगळं तसंच दिलं तर दुसऱ्या दिवशी माणूस कामाला लागत नाही. म्हणून क्लेशकारक भाग गाळायचा आणि एक दिलासा द्यायचा. तुमच्या संमतिपत्रात आहे ते, कलम अकरा."

"आणि झोका?"

"आजारी व्यक्ती बसलेल्या, हसऱ्या अशा दाखवतो. तिच्याच जुन्या चित्रणांतून जुळवतो. बाहेरचं काही घालत नाही."

बोलता बोलता त्यांनी मागचं कपाट उघडलं, कदाचित आपलं काम किती नेटकं आहे ते दाखवावं म्हणून. आत बोटाएवढ्या काचेच्या कुप्यांची रांग होती आणि प्रत्येकीवर छापील चिठ्ठी. उटणं. शीरखुर्मा. चकलीची भाजणी. आमरस हापूस, आमरस गावठी. खालच्या फळीवर एका कुपीवर लिहिलं होतं, 'आईचा पदर'.

योगिनीनं ती उचलली. डॉक्टरांनी अडवलं नाही. तिनं झाकण काढून वास घेतला. खोबरेल, हळद, थोडा धूर, टाल्कम पावडर. छान होता वास. कोणालाही आवडला असता. तिच्या आईच्या पदराला मिसरीचा वास यायचा, कांद्याचा यायचा, गुडघ्यांना चोळायच्या मलमाचा यायचा. लहानपणी ती नाक मुरडायची. पण आता तो खरा वास आठवायला गेली, तर मध्ये ही पावडर येत होती. सहा वर्षांत चोवीस सण तिनं ही कुपी हुंगली होती.

तिनं झाकण लावलं.

"हे काढून टाका. सगळं. माझ्या डोक्यातून."

"ते शक्य नाही," डॉक्टर म्हणाल्या, आणि या एका वेळी त्यांचा आवाज खरा वाटला. "आठवण वेगळी काढता येत नाही. ती इतर आठवणींत मिसळलेली असते. तुम्ही जितकी आठवाल, तितकी ती घट्ट होईल. हवं तर तिच्यावर दुसरी देता येईल. आईच्या शेवटच्या दिवशी तुम्ही जवळ होतात, अशी. बऱ्याच जणांना त्यानं बरं वाटलं आहे."

योगिनी खुर्चीवरून उठली. आपण या बाईच्या अंगावर धावून जाऊ अशी भीती वाटल्यामुळे तिनं दोन्ही हात पाठीमागं धरले.

"मला त्या दिवसाचं मूळ चित्रण हवंय. न कापलेलं."

"अर्ज करा. तुमचा तो हक्क आहे. पण मी तो सल्ला देणार नाही."

चित्रण मिळायला पाच आठवडे लागले. ते तिनं पुण्यात बघितलं नाही. रविवारी निंबाळ्याला गेली आणि हर्षलबरोबर, भर दुपारी, मायच्या खाटेवर बसून बघितलं.

साक्षी भिंतीतल्या देवळीत बसवलेली होती, तिथून अख्खी खोली दिसे. हर्षलची बायको खापरावर पुरणपोळ्या टाकत होती. अंगणातून झोक्यावरच्या मुलींची गाणी येत होती. दारातून दिसणारा झोका रिकामा झाला की दुसरी बसत होती. कोकिळाबाई खाटेवर होत्या. श्वास घेताना त्यांचे खांदे वर जात. त्यांनी ताट घेतलं नाही, पण लेकीसाठी एक ताट वाढायला लावलं आणि देवळीसमोर ठेवायला लावलं. मग सगळे पंगतीला बाहेर गेले आणि खोलीत त्या एकट्याच राहिल्या.

त्या उठल्या. भिंतीला धरत देवळीपाशी आल्या. त्यांचा चेहरा एवढा जवळ आला की डोळ्यांखालची सूजसुद्धा दिसली. यंत्रातून लेक बघते, एवढंच त्यांना सांगितलेलं होतं. त्या कुजबुजल्या,

"योगी वं. माले दम लागस. हर्षलले सांगू नको, तो घाबरी जाई. तू एक डाव यी जाय."

थोडं थांबून, उत्तर येईल अशा बेतानं देवळीकडे बघत त्या पुन्हा म्हणाल्या, "यी जाय, बेटा. मी वाट देखस."

बाहेरून कोणीतरी हाक मारली. त्या खाटेवर परत जाऊन बसल्या आणि आत आलेल्या नातवाला ऊन फार आहे म्हणाल्या.

हर्षलनं तोंडावर हात धरला होता. योगिनी रडली नाही. तिला रडूच येईना. आखाजीपासून माय जाईपर्यंत बावीस दिवस. बावीस दिवस तिची आई या खाटेवर वाट बघत होती. आपण लेकीच्या कानात सांगितलंय, लेकीनं ऐकलंय, तरी ती येत नाही, असं समजत ती गेली. आणि लेक? लेक एका गार खोलीत टोपी घालून, पावडरीच्या वासात, झोक्यावर बसली होती. हसत होती.

"कापलं त्यांनी ते," हर्षल म्हणाला. "माय बोललेली कापली."

"क्लेशकारक म्हणून," योगिनी म्हणाली. "मला क्लेश झाले असते. मी आले असते."

तिनं कामगार लवादाकडे तक्रार केली. राजीनामा टाकावासा तिला रोज वाटे. पण नोकरी सोडली की तक्रार बाद आणि चित्रणही कंपनीच्या ताब्यात, असा नियम होता. म्हणून ती रोज त्याच इमारतीत जात राहिली, त्याच जिन्यानं, विसावा कक्षाच्या दारावरून.

सुनावणीला कंपनीचा वकील म्हणाला, की घटनेबद्दल कंपनीला खेद आहे. यापुढे चित्रणात वैद्यकीय स्वरूपाचा मजकूर आढळल्यास कर्मचाऱ्याला लेखी संदेश जाईल. लवादानं अजून एक सांगितलं. सण गाळून हवा की न गाळता, हे कर्मचाऱ्यानं दर वेळी लिहून द्यावं. हुकूम झाला. योगिनीला वाटलं, आता लोक विचार करतील. पहिल्याच सणाला अकराशे चाळीस कर्मचाऱ्यांनी अर्ज भरले. न गाळता मागणारे एकोणीस निघाले.

तिचं चित्रण तिनं केंद्रातल्या कितीतरी जणांना दाखवलं होतं. बघताना सगळ्यांचे डोळे भरून यायचे. एकजण तर हुंदके देऊन रडला होता. गाळून मागणाऱ्यांच्या यादीत त्याचंही नाव होतं.

ईदेच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सलीम तिच्यासमोर येऊन बसला. डबा उघडला, पण जेवला नाही.

"गेल्या रविवारी मिरजेला जाऊन आलो," तो म्हणाला. "अब्बांना विचारलं, तुम्ही मला असं म्हणाला होतात का. ते म्हणाले, मी कशाला म्हणू? तू ईद सोडून तिथं बसतोस, ते मला अजून पटलेलं नाही. झालं. तासभर बोलले मला. पोटभर."

"मग?"

"मग काय. तासभर त्यांच्यासमोर बसलो, तेवढं खरं." त्यानं डब्याचं झाकण लावलं. "तरी काल मी टोपी घातली, योगिनी. गाळून घेतली. मला नाही जमलं."

योगिनीकडे बोलण्यासारखं होतं, पण ते कंपनीला, त्याला नव्हे.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या दिवशी योगिनीची पाळी सकाळी सात ते तीन होती. रजेचा अर्ज तिनं केला होता. 'सहवास उपलब्ध' असा शिक्का मारून तो परत आला होता. तिनं वरच्या लवादाकडे केलेलं अपील चालू असताना न सांगता गैरहजर राहणं म्हणजे कंपनीच्या हाती कोलीत देणं. तिनं पाळी केली. वीज कोणीतरी सांभाळायलाच हवी, हे तिला कधीच अमान्य नव्हतं. मायलाही नव्हतं. तिनं रागावून, वाट बघून, ताट वाढून ठेवून ते सहन केलं असतं. सण बुडाला तर बुडाला म्हणू द्या, एवढंच तिचं मागणं होतं.

बारा वाजता तिनं हर्षलला फोन लावला.

"हर्षल, मी नाही आले."

"दिसतंय ते," तो फणकारला. "पोरं सकाळपासून रस्त्याकडे डोळे लावून बसलीत. पाट मांडून ठेवलाय. निदान आधी सांगायचंस तरी, मला वाटलं या वेळी तरी येशील. सगळं काय तुझ्याच खांद्यावर आहे का तिथं?"

तो बोलत राहिला. ती ऐकत राहिली. त्याच्या रागाला कसलाच वास नव्हता. मायनंतर पहिल्यांदाच तिला रडू आलं. नियंत्रण कक्षातच, नकाशासमोर. शेजारच्यानं तिची दोन बटणं सांभाळली.

"ताई? ऐकतेस ना?"

"ऐकतेय. बोल तू. अजून बोल."

तीन वाजता पाळी सुटली. सगळे जिन्यानं तळमजल्यावर उतरले आणि विसावा कक्षासमोर रांग लागली. हातात अर्ज, चेहऱ्यावर थकवा, आणि थोडी उत्सुकताही. कोणी कोणाला विचारत होतं, तुमच्याकडे ओवाळणी कधी असते. दार उघडं होतं. आतून उटण्याचा वास येत होता. योगिनी रांगेच्या कडेनं, पर्स छातीशी धरून, बाहेरच्या दाराकडे निघाली.

दारातल्या मुलीनं हातातली यादी बघितली आणि मागून हाक मारली. "देवरे मॅडम! अहो मॅडम, तुमची भाऊबीज राहिली."

योगिनी वळली. रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या.

"हो," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "राहिली."